मागच्या सीटवर बसणाऱ्या आईला बेल्टचं कसं पटवू?

प्रवरातीर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण गेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीये.

मागच्या रविवारी पुण्याहून संगमनेरला निघालो होतो. मी गाडी चालवत होतो, बायको शेजारी, मागे आई आणि आईच्या मांडीवर आमची अडीच वर्षांची लेक. नारायणगावच्या अलीकडे डावीकडच्या बोळातून एक मोटरसायकल सरळ रस्त्यावर आली. मी करकचून ब्रेक मारला. धडक झाली नाही, मोटरसायकलवाला निघूनही गेला. पण लेक आईच्या मांडीवरून निसटून दोन सीटांच्या मधल्या फटीत जाऊन पडली आणि आईचं कपाळ बायकोच्या हेडरेस्टवर आपटलं. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. वेग किती असेल? ब्रेक मारला तेव्हा साठ, गाडी थांबेपर्यंत काहीच नाही. नुसत्या ब्रेकने ही गत, तर खरोखर धडक झाली असती तर काय?

आई म्हणते, "मागे कसला बेल्ट? पुढे बसणाऱ्यांनी लावायचा असतो." शिवाय तिच्या गळ्याला काचतो. मुलीला मांडीवरून उतरवायलाही तयार नाही. "माझ्या हातात आहे ना ती, मी सोडेन का?"

घरी येऊन मागचे बेल्ट बघायला गेलो तर पट्टे आहेत, बकलं नाहीत. सीटकव्हर बसवणाऱ्याने सगळी बकलं कव्हरखाली दडपून वरून शिवून टाकलीत. तीन वर्षं गाडी अशीच पळतेय.

आईला समजावायचं कसं, आणि लग्नासाठी परत संगमनेरला जायच्या आत काय काय करू? तीन आठवडे आहेत.

वाईची_माई | सोमवार, रात्री १०:४१

माझंही तेच. साडी चुरगळते, श्वास कोंडतो, आणि मागे कोण पकडतंय. हे सगळं मी स्वतः म्हणत आलेय, म्हणून तुमच्या आईंवर रागावू नका. धागा वाचतेय.

घाटवाट | सोमवार, रात्री ११:०५

मागच्या सीटचं काय होतं हे महाराष्ट्राने २०२२ साली डोळ्यांनी पाहिलंय. ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे एक जण मागे बसले होते, दोघांनी बेल्ट लावला नव्हता, दोघेही गेले. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले. गाडी तर चांगली महागातली, एअरबॅगांनी भरलेली.

त्याच वर्षी देशभरात बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक अपघातांत मेले, हा केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा आहे. त्यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते. आईंना हा आकडा सांगून बघा.

भौतिकीचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ७:१५

आकड्यापेक्षा गॅलरी दाखवा. मी नववीच्या वर्गाला असंच सांगतो.

५० च्या वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १० मीटरवरून खाली पडणं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. ७२ च्या वेगाला हीच उंची २० मीटर होते. वेग दीडपट झाला नाही तोच उंची दुप्पट.

आता पडल्यावर थांबता कशावर, हा खरा प्रश्न. गाडीचं नाक समजा ६० सेंटिमीटर चेपलं. बेल्ट लावलेला माणूस गाडीशी बांधलेला असतो, म्हणून तोही त्या ६० सेंटिमीटरमध्ये हळूहळू थांबतो. त्याच्या अंगावर वजनाच्या १६ पट जोर येतो. हाडं मोडतील, पण माणूस सहन करू शकतो. बेल्ट न लावलेला मात्र गाडी थांबली तरी ५० नेच पुढे जात राहतो आणि समोरच्या सीटवर किंवा काचेवर पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. तिथे जोर येतो जवळजवळ २०० पट. वेग तोच, गाडी तीच, फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा.

"मी सोडेन का तिला" याचं उत्तरही यातच आहे. तुमची लेक १२ किलोची असेल तर त्याच १६ पटीने ती क्षणभर १९० किलोची होते. धान्याची जवळजवळ दोन पोती. आईची माया कमी पडत नाही हो, हात कमी पडतात.

वाईची_माई | मंगळवार, सकाळी ७:५०

मास्तर, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. माझा नातू ११ किलोचा आहे.

काळीमाती | मंगळवार, सकाळी ९:३०

थोडा विरोध नोंदवतो. आमच्या बाजूला १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटली, पेटली आणि २५ लोक गेले. दाराच्या बाजूवरच पडली होती, त्यामुळे दार बंद. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. आमच्या घरात तेव्हापासून सगळ्यांच्या मनात एकच भीती, की बांधलेले असलो तर निघायचं कसं? गाडी कॅनॉलात गेली तर? माझा मोठा भाऊ म्हणून बेल्ट लावत नाही, आणि मला त्याच्याशी वाद घालता येत नाही.

सिस्टर_तात्पुरती_कक्ष | मंगळवार, दुपारी २:४५

काळीमाती, तुमच्या भावाची भीती खोटी नाही. पण आगीतून किंवा पाण्यातून बाहेर यायला माणूस आधी शुद्धीवर असावा लागतो आणि त्याचे पाय धड असावे लागतात. बेल्ट नसेल तर पहिल्याच आपटीत डोकं जातं, मग दार उघडं असलं तरी उपयोग काय? बेल्ट एका बोटाने सुटतो. भीती वाटतच असेल तर पट्टा कापायची सुरी आणि काच फोडायची हातोडी असलेलं छोटं हत्यार मिळतं, ते हात पोचेल अशा जागी ठेवा. डिकीत नको.

मी महामार्गालगतच्या एका रुग्णालयात अपघात कक्षात १७ वर्षं काम करतेय. गाडीतून आणलेल्या माणसाकडे पाहून तो कुठे बसला होता हे आम्हाला बऱ्याचदा न विचारता कळतं.

एका अपघातात तीन धडका होतात. गाडी कशावर तरी आदळते. मग माणूस गाडीच्या आत आदळतो. आणि मग माणसाच्या आतले अवयव त्याच्याच हाडांवर आदळतात. ही तिसरी दिसत नाही, आणि तीच जास्त माणसं नेते. यकृत फाटतं, प्लीहा फाटते, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी ताणली जाते. एक गृहस्थ चालत आले होते, स्वतःच्या हाताने फॉर्म भरला, "मला काही नाही, मिसेसकडे बघा" म्हणाले. दीड तासाने खुर्चीतच घामाघूम झाले, पोटात रक्त साठलेलं. वेळेत ऑपरेशन झालं म्हणून आहेत. अपघातानंतर पोट दुखत असेल किंवा पोटावर पट्ट्याचा आडवा वळ उठला असेल, तर "बरं वाटतंय" म्हणून घरी जाऊ नका. तपासून घ्या.

मागे बसणाऱ्या बायकांचं एक वेगळंच असतं. लांबचा प्रवास म्हटला की चप्पल काढून सीटवर मांडी घालून बसायचं. धडकेत गुडघा समोरच्या सीटवर आदळतो आणि मांडीचं हाड खुब्यातून मागे निसटतं. तो सांधा सहा तासांच्या आत जागेवर बसवला नाही, तर हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा जायची भीती असते. नंतर चाळिशीत सांधा बदलायची पाळी येते. पाय खाली, पाठ सीटला टेकलेली.

आणि बेल्ट लावलेल्यांनाही लागतं, हे खोटं कशाला सांगू. छातीवर खांद्यापासून तिरका निळा वळ उठतो, कधी बरगडी मोडते, गळपट्टीचं हाड मोडतं. एका बाईंच्या कातडीवर मंगळसूत्राचे मणी एकेक मोजता येतील असे उमटले होते. चौथ्या दिवशी त्या घरी गेल्या, स्वतःच्या पायांनी.

भौतिकीचा_मास्तर | मंगळवार, दुपारी ३:१०

सिस्टर, तुमचा हा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवू का?

सिस्टर_तात्पुरती_कक्ष | मंगळवार, रात्री ९:००

जरूर. गाडीत मांडी न घालायचं तेवढं मुलांना घरी जाऊन आईला सांगायला लावा.

पद्मिनीप्रेमी | मंगळवार, रात्री ९:३५

मूळ मुद्दा मला वेगळा वाटतो. हल्लीच्या गाड्या पत्र्याच्या डब्या झाल्यात. आमच्या वडिलांची फियाट १९८६ सालची, बैलगाडीला धडकली तर बंपरला ओरखडा. आताची गाडी कुंपणाला घासली तरी अर्धं तोंड बदलावं लागतं. आधी गाड्या दणकट करा, मग बेल्टचं बोलू.

गोथेनबर्गहून | मंगळवार, रात्री ११:५०

पद्मिनीप्रेमी, फियाटवर माझंही प्रेम आहे, पहिलं ड्रायव्हिंग तिच्यावरच शिकलो. पण ती न चेपणं हाच तिचा दोष आहे. मास्तरांनी वर सांगितलेले ६० सेंटिमीटर नाक चेपल्यामुळेच मिळतात. नाक चेपायचं, माणसं बसतात तो पिंजरा मात्र अभंग राहायचा, अशी रचना असते. जुन्या दणकट गाडीत धडकेचा सगळा जोर आतल्या माणसावर येतो, आणि मोठी धडक असेल तर पिंजराच कोसळतो, स्टिअरिंगचा दांडा छातीत येतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २००९ साली १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मलिबू समोरासमोर ६४ च्या वेगाने आदळवली. त्याचं चित्रीकरण जरूर बघा. जुनी गाडी दिसायला रणगाडा, पण तिच्या चालकाच्या जागी खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्याच्या पायाला लागलं असतं.

मी राहतो त्या शहराचा या धाग्याशी थेट संबंध आहे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये इथल्याच व्होल्वो कंपनीत नील्स बोलीन या अभियंत्याने केला. त्याआधी तो विमानांच्या खुर्च्यांवर काम करायचा. कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. म्हणून आज तुमच्या आईंच्या शेजारी लोंबणारा पट्टा त्याच घडणीचा आहे.

आणि मुलीसाठी: इथे मुलांना चार वर्षांची होईपर्यंत पाठमोऱ्या खुर्चीत बसवायची पद्धत आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. तोंड पुढे असेल तर धड बांधलेलं राहतं आणि डोकं फेकलं जातं. पाठमोरं बसलं की पाठ, मान, डोकं सगळ्याला एकत्र टेकू मिळतो. फक्त चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, पाठमोरी खुर्ची कधीच लावायची नाही. फुगणारी पिशवी खुर्चीच्या पाठीवर येऊन आदळते.

पद्मिनीप्रेमी | बुधवार, सकाळी ८:१०

चित्रीकरण पाहिलं. तीनदा पाहिलं. शब्द मागे घेतो. गाडी ठेवतो, पण नातवंडांना त्यात हायवेला नेणार नाही.

माणदेशी | बुधवार, सकाळी १०:२५

सगळं खरं हाय, पर आमच्याकडं वडापात बेल्ट कुठला आणायचा? जीपमधी नऊ माणसांची जागा, बसत्यात अठरा. मागच्या फळकुटावर चौघं, दोघं लोंबकळत. मी कॉलेजला पाच वर्सं असाच गेलोय. आटपाडीच्या वाटेवर एकदा जीप पलटी झाली. वेग तीस-पस्तीसच्या वर नव्हता. आत दाटीवाटीनं बसलेल्यांना खरचटलं, पर जे दोघं मागं लोंबकळत हुते ते बाहेर फेकलं आनि जीप त्यांच्याच अंगावर आली. एक माझ्या वर्गातला हुता. त्याच्या बहिणीचं लगीन हुतं म्हणून बाजाराला निघालावता. एसटीच्या फेऱ्या वाढल्या असत्या तर त्या जीपमधी कुनीच बसलं नसतं.

घाटवाट | बुधवार, सकाळी ११:००

माणदेशी, फार वाईट झालं. गाडी पलटी होते तेव्हा बाहेर फेकला गेलेला माणूस क्वचित वाचतो. आणि एसटीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ज्याच्यासमोर वडाप किंवा पायपीट असे दोनच पर्याय असतात, त्याला सुरक्षेचं व्याख्यान देऊन काय होणार?

रस्त्यांचंही तसंच. चारोटीला पुलाजवळ तीन मार्गिकांच्या दोन होतात. मालट्रक रात्री कडेला बिनदिव्याचे उभे असतात. त्यांच्या मागचा आडवा लोखंडी अडसर मोडका असतो किंवा काढूनच टाकलेला असतो. मोटार थेट खाली घुसते, बंपर कशाला लागतच नाही आणि ट्रकचा हौदा काचेतून आत येतो. तिथे चेपणारं नाकही कामी येत नाही. ज्यांनी रस्ता आणि ट्रक नीट ठेवायचा त्यांच्या मागे लागायलाच हवं.

कोकणकन्या_७९ | बुधवार, दुपारी १:३०

धागा थोडा भरकटतोय, पण भरकटू दे. माझा अनुभव लिहिते, नऊ वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

कशेडी घाटात समोरून आलेल्या टेम्पोशी धडक झाली. मिस्टर गाडी चालवत होते, बेल्ट लावलेला, एअरबॅग उघडली. माझे काका बरोबर त्यांच्या मागे, बेल्टशिवाय. वजन नव्वद किलो. मिस्टरांना समोरून फारसं लागलं नाही. काका मागून येऊन त्यांच्या सीटवर आदळले, सीट स्टिअरिंगकडे ढकलली गेली. मिस्टरांच्या चार बरगड्या पाठीकडून मोडल्या आणि फुफ्फुसाभोवती छातीत हवा शिरली. काका गेले.

घरात कुणी बोलत नाही, पण मिस्टरांना आजही वाटतं की त्यांनी काकांना मारलं, आणि काकूंना वाटतं काकांनी मिस्टरांना जवळजवळ मारलं. प्रवरातीर, आईंना "तुझ्यासाठी लाव" म्हणू नका, ऐकणार नाहीत. आपल्या आया स्वतःसाठी काही करत नाहीत. समोर सून बसते, तिच्यासाठी लाव म्हणा.

वाईची_माई | बुधवार, दुपारी १:४४

कोकणकन्या, तुमचा हात हातात घेतेय असं समजा.

प्रवरातीर | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. कोकणकन्या, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लावते, पण गळ्याचं काय?"

मी तिला गाडीत बसवून पाहिलं. तिचं म्हणणं अगदी खरं आहे. आईची उंची चार फूट दहा इंच, मागच्या बेल्टचं वरचं टोक पक्कं बसवलेलं, पट्टा थेट गळ्यावरून जातो. म्हणून ती तो काखेखालून घ्यायला बघते. खाली उशी घालून बसवू का?

सिस्टर_तात्पुरती_कक्ष | बुधवार, रात्री १०:५०

काखेखालून मुळीच नको. सगळा जोर खालच्या बरगड्यांवर येतो आणि त्यांच्या मागेच यकृत-प्लीहा असतात. मऊ उशीही नको. धडकेत उशी चेपते, माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. कमरेचा भाग नेहमी खाली, खुब्याच्या दोन्ही हाडांवर हवा. गरोदर बाईनेही तसाच, पोटाच्या खालून. साडी असेल तर पदराची आणि शालीची जाड घडी बाजूला करून पट्टा अंगालगत घ्यायचा, मग शाल वरून पांघरायची.

तुमच्या गाडीत पुढच्या बेल्टचं वरचं टोक खांबावर वरखाली सरकतं का बघा. सरकत असेल तर आईंना पुढे बसवा आणि टोक सगळ्यात खालच्या खाचेत आणा. सीट जरा मागे घ्या, म्हणजे एअरबॅगपासून अंतर राहील. सूनबाई मागे मुलीच्या खुर्चीशेजारी.

गोथेनबर्गहून | बुधवार, रात्री ११:३०

सिस्टरांशी पूर्ण सहमत. एक भर: पुढे शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर गणपती चिकटवलाय का? बहुतेक गाड्यांत ती जागा नेमकी एअरबॅगच्या झाकणावर असते. पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि झाकणावरचं सगळं बसलेल्याच्या चेहऱ्याकडे येतं. बाप्पाला दुसरीकडे बसवा. गाडीच्या बंपरसमोर लोखंडी गार्ड लावला असेल तर तोही काढा, केंद्र सरकारने त्यावर २०१७ च्या डिसेंबरमध्येच बंदी आणलीय. सीटकव्हर नवं घेताना सीटच्या कडेला एअरबॅग आहे का बघा, असेल तर त्या बाजूची शिवण तिच्यासाठी उसवणारी हवी.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे २:१०

विमानतळाची टॅक्सी चालवतो. आमच्यातले बरेच जण बकलात नुसती क्लिप अडकवायचे, बीप वाजू नये म्हणून. मीही वापरलीय. २०२३ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या विकायला मनाई केली, तेव्हा काय असेल ते समजून घेतलं आणि माझी टाकून दिली. आता मागच्या प्रवाशाला गाडी सुरू करण्याआधी सांगतो. दहातले सहा ऐकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली १००० रुपये दंड आहे म्हटलं की आणखी दोन. चौदा वर्षांखालचं मूल मोकळं बसलं असेल तरी तोच दंड.

काळीमाती | गुरुवार, सकाळी ९:००

ती हातोडी मागवलीय, दोन. एक भावाच्या गाडीत मीच बसवून देतो. बेल्टचं त्याने "बघू" म्हटलंय. आमच्या घरात हेही पहिल्यांदाच.

प्रवरातीर | सोमवार, रात्री ९:०५ (तीन आठवड्यांनी)

काल लग्न झालं. हकिगत सांगतो.

गादीवाल्याकडे जाऊन मागचं कव्हर तीन ठिकाणी उसवून काठ शिवून घेतले, बकलं वर आली. एका बकलात बडीशेप आणि पेन्सिलीचं टोक अडकलेलं, ते टाचणीने काढलं. मग प्रत्येक पट्टा झटका देऊन अडकतोय का पाहिलं, तिन्ही चांगले आहेत. मुलीची खुर्ची मागे डाव्या बाजूला, पाठमोरी. भोसरी ते चाकण रडली, राजगुरुनगरच्या आधी झोपली ती थेट आळेफाट्याला उठली. बायको शेजारी. आई पुढे. खांबावरचं टोक दोन खाचा खाली आलं आणि पट्टा गळपट्टीच्या हाडावरून नीट गेला. ती म्हणाली, "हे असं सरकतं हे कुणी सांगितलंच नाही इतकी वर्षं."

नारायणगावला चहाला थांबून परत निघालो, तर फर्लांगभर जायच्या आत आईने मागे वळून विचारलं, "सूनबाई, तुझा खटका ऐकू आला नाही." खरंच लावला नव्हता.

आता एकच अडचण. परतीला काकू येतो म्हणतायत. मागे मधली जागा रिकामी आहे, पण तिथे फक्त कमरेचा पट्टा आहे, खांद्याचा नाही. काकू सत्तर वर्षांच्या. बसवू का?

सिस्टर_तात्पुरती_कक्ष | सोमवार, रात्री ९:३०

काही नसण्यापेक्षा कमरेचा बरा, पण धडकेत अंग त्या पट्ट्यावर कमरेतून दुमडतं, आणि या वयात मणके ठिसूळ असतात. दुसरी सोय होत असेल तर मी बसवणार नाही.

माणदेशी | सोमवार, रात्री ९:४८

संगमनेर स्टँडवरनं पुण्याला गाड्या हायत की. काकूंना खिडकीची जागा धरून द्या, आनि शिवाजीनगरला न्यायला जावा.

प्रवरातीर | सोमवार, रात्री १०:०२

सकाळी आठच्या एसटीला बसवतो. आईने आत्ताच त्यांना फोन लावलाय.